विक्रीची पिल्ले आणि चित्राची साक्ष

मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ हे ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ले गावचे. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी १९८१ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. त्या काळी कोणास आपले जनावर वृत्तपत्रातून विकावयाचे झाल्यास शब्दांवाचून दुसरे साधन नव्हते. जनावराचा रंग, वय व गुण चार ओळींत सांगावयाचे आणि पुढील काम घेणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवावयाचे. घेणाराही नुसत्या शब्दांवर पैसे मोजीत नसे. तो जाऊन जनावर पाही, त्याचे दात पाही, त्यास चालवून पाही, आणि मगच सौदा ठरे.

पुढे १८३९ साली पॅरिस येथे दागेर ह्याची छायाचित्रे घेण्याची कृती जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. त्या वेळी जी कला मोजक्या श्रीमंतांच्या हाती होती, ती आज मोबाईलच्या रूपाने घरोघर पोचली आहे. कुत्र्याचे पिल्लू विकणारा आता त्याचा फोटो व लहानसा व्हिडिओ इंटरनेटवर ठेवितो, आणि रत्नागिरीत बसलेले कुटुंब पुण्याचे किंवा कोल्हापुरचे पिल्लू घरच्या ओटीवरूनच पसंत करिते. शब्दांविषयी सावध असणारा मनुष्यही चित्रापुढे मात्र सैल होतो. कारण ‘मी स्वतः पाहिले’ असे त्यास वाटते. वास्तविक त्याने पिल्लू पाहिलेले नसते. विकणाऱ्याने जे दाखविले, तेवढेच त्याने पाहिलेले असते. ह्या दोहोंत किती अंतर आहे, आणि ते अंतर कसे ओळखावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय करमणुकीचा नव्हे. त्यात एका मुक्या जिवाचे आयुष्य, त्याच्या आईचे हाल आणि एखाद्या मुलाचे दुःख गुंतलेले असते.

पडवीतील पिल्लू

आपल्या कोकणात पिल्लू मिळविण्याची जुनी रीत सर्वांस ठाऊक आहे. शेजारच्या वाडीत कुत्री व्याली, की मुलांस ती बातमी सर्वांआधी लागते. गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा पडवीत गोणपाटावर पिल्ले पडलेली असतात. मुले रोज जाऊन पाहतात. डोळे केव्हा उघडले, कोणते पिल्लू अंगाने भरले, कोणते मागे राहिले, हे त्यांस तोंडपाठ असते. पिल्लू घरी येते, तेव्हा त्याची आई कोण, ती स्वभावाने कशी, पिल्लू किती दिवसांचे, ह्या प्रश्नांची उत्तरे आधीच मिळालेली असतात.

मोबाईलच्या पडद्यावरील पिल्लू मात्र एकटे असते. त्याच्याभोवती गालिचा असतो, गळ्यात फीत असते, शेजारी चेंडू असतो. आई नसते, गोठा नसतो, दिवसांची गणती नसते. पडवीत जे आपोआप कळत असे, ते येथे विचारून घ्यावे लागते. जो विचारीत नाही, तो फोटोपुरतेच पिल्लू विकत घेतो.

चित्र असत्य न बोलताही कसे फसविते

छायाचित्रात काही लबाडी केली तरच ते खोटे ठरते, असे पुष्कळांस वाटते. परंतु कोणताही फेरफार न करताही चित्र मनुष्यास फसवू शकते. ह्याचे एक कारण गणिताने समजण्याजोगे आहे. वस्तू जितकी दूर, तितकी ती चित्रात लहान उमटते. समजा, मोबाईल पिल्लाच्या नाकापासून २० सेंटिमीटरवर धरला, आणि त्याचे मागचे पाय नाकापासून ३० सेंटिमीटर मागे आहेत. म्हणजे ते मोबाईलपासून ५० सेंटिमीटरवर आले. ५० ला २० ने भागिले असता अडीच येतात. म्हणून त्या चित्रात नाक हे मागच्या पायांच्या मानाने अडीचपट मोठे दिसेल. डोके थोरले, डोळे टपोरे आणि अंग इवलेसे, असे हे रूप मनास फार गोड वाटते. आता तोच मोबाईल २ मीटरवर धरा. नाक २०० आणि पाय २३० सेंटिमीटरवर. हे प्रमाण सव्वापटीहूनही कमी भरते, आणि पिल्लू आपल्या खऱ्या बांध्यात दिसू लागते. दोन्ही चित्रे खरी आहेत. तथापि पिल्लाचा बांधा पारखावयाचा असल्यास दुसरेच उपयोगी.

दुसरे कारण मापाचे. एकट्या पिल्लाच्या चित्रावरून ते वीतभर आहे की हातभर, हे सांगता येत नाही. माप कळले नाही, म्हणजे वयही कळत नाही. आणि वय हाच ह्या व्यवहारातील सर्वांत मोठा प्रश्न आहे. ज्यास निसर्गाची भाषा वाचता येते, त्यास मात्र काही खुणा सापडतात. जन्मानंतर सुमारे १० ते १४ दिवसांनी पिल्लाचे डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ते बहुधा पुरे होतात. जे पिल्लू पोट जमिनीस टेकवून लडबडत चालते आणि ज्याच्या हिरड्यांवर दातांचे नुसते टोक आहे, ते दोन महिन्यांचे आहे असे कोणी म्हटल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरे कारण काळाचे. चित्र केव्हा घेतले, हे चित्र पाहून समजत नाही. गेल्या वर्षीच्या पिल्लाचे किंवा दुसऱ्या कोणाच्या घरच्या पिल्लाचे चित्र आजच्या जाहिरातीत बेमालूम बसते. भामटे लोक ह्याचाच लाभ घेतात. त्यांच्याजवळ पिल्लू नसतेच. असते ते केवळ चित्र.

चालते चित्र

१८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मायब्रिज ह्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, आणि तेही चित्रकार दाखवीत त्याप्रमाणे पुढेमागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली आखडलेले असतात, हे त्या चित्रांनी सिद्ध केले. एक स्थिर चित्र जे सांगू शकत नाही, ते चित्रांची मालिका सांगते. म्हणून पिल्लाचा व्हिडिओ हा फोटोपेक्षा अधिक चांगला साक्षीदार होय. पिल्लू चारही पायांवर सारखा भार देते काय, हाक मारल्यावर मान वळविते काय, भावंडांत मिसळते की कोपऱ्यात बसून राहते, हे त्यात दिसते.

व्हिडिओत आवाजही असतो, आणि ह्याचे महत्त्व थोड्यांच्याच लक्षात येते. नाकाने चपट्या जातींच्या कुत्र्यांचा श्वास घरघरतो. आजारी पिल्लू खोकते. आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू सतत केकाटते. विक्रीच्या बहुतेक व्हिडिओंवर मात्र एखादे गाणे चढविलेले असते. गाणे ऐकून आपला आनंद वाढतो खरा. पण त्याच गाण्याखाली खोकला दडू शकतो. गाणे काढून टाकून मूळ आवाजासह व्हिडिओ पाठवावा, एवढी साधी मागणी घेणाऱ्याने अवश्य करावी.

ह्या संदर्भात दादासाहेब फाळके ह्यांचे एक उदाहरण मोठे बोधप्रद आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली लोकांसमोर आला. त्यापूर्वी १९१२ साली त्यांनी एक लहानसा चित्रपट तयार केला होता. त्यात कुंडीत लाविलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे दाखविले होते. दिवसामागून दिवस तेच रोप, त्याच जागेवरून, थोडेथोडे टिपून त्यांनी त्याची वाढ काही क्षणांत पडद्यावर आणिली. हा चित्रपट पाहूनच त्यांच्या कर्तबगारीविषयी खात्री पटून त्यांस भांडवल मिळाले. म्हणजे तीही एका अर्थी जाहिरातच होती. परंतु त्या जाहिरातीने काही झाकले नाही. उलट जे डोळ्यांस एरवी दिसत नाही, ते तिने उघड केले. चित्राचा सदुपयोग म्हणतात तो हाच.

एका जाहिरातीचा परिणाम

चित्राचे सामर्थ्य किती असते, ह्याचे अलीकडील उदाहरण आपल्या पालकांच्या स्मरणात असेलच. २००३ साली हच ह्या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत चीका नावाचा पग जातीचा एक कुत्रा एका लहान मुलाच्या मागे मागे जाताना दाखविला गेला. ती जाहिरात कुत्र्याची नव्हती. तरीही तिच्यामुळे देशभर पग पिल्लांची मागणी एकदम वाढली. जाहिरातीत त्या कुत्र्याची निष्ठा दिसली. त्याचा श्वास मात्र कोणास ऐकू आला नाही.

कुत्र्याच्या शरीरास मनुष्यासारखा घाम सुटत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो जीभ काढून धापा टाकतो, आणि तोंडातील व नाकातील ओलावा उडून जाताना अंग निवते. पगसारख्या जातींचे नाक आखूड व श्वासमार्ग अरुंद असल्यामुळे हे काम त्यांस अवघड जाते. त्यातच आपल्या किनाऱ्यावरील हवा दमट; दमट हवेत ओलावा लवकर उडत नाही. मे महिन्यात रत्नागिरीच्या दुपारी आपणा सर्वांची जी तगमग होते, ती अशा कुत्र्याच्या जिवावरही बेतू शकते. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांच्या हस्कीसारख्या जातींनाही येथील हवा मानवत नाही. उलट आपला गावठी कुत्रा ह्याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. परंतु त्याचे चित्र कोणी गालिच्यावर बसवून काढीत नाही, म्हणून त्यास मागणी नाही.

जे चित्रात येत नाही

भारत सरकारने १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांविषयी नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची वीण घेता येत नाही आणि तिच्या साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक विणी घेता येत नाहीत. विकावयाच्या पिल्लास लस टोचलेली असावी व त्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसविलेली असावी, असेही ह्या नियमांत आहे. शोभेसाठी कान कातरणे व शेपूट छाटणे ह्यांस मनाई आहे. ह्या शेवटच्या बाबतीत चित्र आपणहून साक्ष देते: कातरलेले ताठ कान मोठ्या अभिमानाने दाखविणारा विक्रेता नियमभंगाचा पुरावाच लोकांसमोर ठेवीत असतो. येथे हेही ध्यानात असावे, की केनेल क्लबचा कागद हा कुळीचा दाखला आहे. सरकारी नोंदणी ही त्याहून निराळी गोष्ट होय.

आठ आठवडे ही मर्यादा उगाच घातलेली नाही. ह्या दिवसांत आईच्या दुधाबरोबर पिल्लास पोषण मिळते, आणि भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे व केव्हा सोडावे, ह्याचे शिक्षणही मिळते. जाहिरातींत पुष्कळदा ‘४५ दिवसांचे पिल्लू’ असे शब्द आढळतात. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, हे तिसरीतील मूलही सांगेल. तसेच ‘सर्व लशी पूर्ण’ हे शब्द पाहावेत. पिल्लाच्या लशी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्याच्या सुमारापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात टोचितात. मग दीड महिन्याच्या पिल्लाच्या सर्व लशी पूर्ण कशा होतील? येथे चित्राकडे पाहण्याचीही गरज नाही. बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे.

आता रोगाचा विचार करू. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा भयंकर साथीचा रोग आहे. त्याचे विष शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. सोमवारी व्हिडिओत बागडणारे पिल्लू गुरुवारी रक्ताचे जुलाब होऊन निपचित पडू शकते, आणि सोमवारचा व्हिडिओ तरीही खराच असतो. अशा कोवळ्या पिल्लास खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने आंबा घाटातून रत्नागिरीस पाठविले, म्हणजे उपास, थंडी व भीती ह्यांनी त्याची उरलीसुरली शक्तीही खचते. १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांप्रमाणे कुत्र्यास प्रवासास पाठविण्यापूर्वी, ते प्रवासास योग्य असून त्यास संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला घ्यावा लागतो. तो दाखला मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे.

आणि चित्रात कधीच न दिसणारी ती आई! एका मागून एक विणी घेऊन जिचे शरीर झिजले आहे, जी पिंजऱ्याबाहेर क्वचितच येते, तिचे चित्र कोणी जाहिरातीत घालीत नाही. लूसी नावाच्या अशाच एका कुत्रीस २०१३ साली वेल्समधून सोडविण्यात आले. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून अमलात आला. त्यामुळे मधल्या दलालांस सहा महिन्यांच्या आतील पिल्ले विकण्यास बंदी झाली आणि पिल्लू त्याच्या जन्मस्थानी, आईसह दाखविणे भाग झाले. त्याआधी २०१८ साली केलेल्या नियमांनी तेथील परवानाधारक विक्रेत्याच्या जाहिरातीत परवान्याचा क्रमांक, पिल्लाचे वय आणि ते ओळखू येईल असे त्याचेच छायाचित्र असणे आवश्यक ठरविले. म्हणजे ज्या छायाचित्राने फसवणूक होते, त्यासच कायद्याने साक्षीदार म्हणून उभे केले.

प्रामाणिक जाहिरात

ज्याच्या घरी कुत्री व्याली आहे आणि ज्यास पिल्ले चांगल्या घरी द्यावयाची आहेत, त्याने फाळक्यांच्या वाटाण्याचा धडा गिरवावा. जन्मापासून दर आठवड्यास एकदा, त्याच जागी, त्याच पट्टीशेजारी पिल्लाचे चित्र घ्यावे. आठव्या आठवड्यास आठ चित्रांची माळ तयार होते, आणि वयाविषयी शंकेस जागा राहत नाही. चित्र पडवीतील सकाळच्या उजेडात, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, दोन पावले मागे राहून घ्यावे. झगझगीत फ्लॅश टाळावा, कारण त्याने पिल्लू बिचकते व डोळे चमकून त्यांचा खरा रंग कळत नाही. एका चित्रात पिल्लू आईपाशी असावे, एकात लशीच्या नोंदीची पुस्तिका असावी. व्हिडिओ मूळ आवाजासह असावा. पिल्लात काही व्यंग असल्यास तेही दाखवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरातही दिशाभूल करणारी मानिली आहे. असत्य बोलणे आणि सत्य झाकणे ह्यांत कायदा फारसा भेद करीत नाही. सदाचारही करीत नाही.

घेणाऱ्याने काय करावे? आधी आपल्या घरात, आपल्या हवेत, रोज सकाळ-संध्याकाळ वेळ देऊन दहा-बारा वर्षे हा जीव आपण सांभाळू काय, ह्याचे उत्तर घरातील सर्वांनी मिळून द्यावे. मग नोंदणी क्रमांक विचारावा. समोरासमोर व्हिडिओवर बोलताना आई व पिल्लू एकत्र दाखविण्यास सांगावे आणि आजची तारीख लिहिलेला कागद त्यांच्याशेजारी धरावयास लावावा. जुने किंवा चोरलेले चित्र ह्या परीक्षेत उतरत नाही. जाहिरातीतील चित्र इंटरनेटवर शोधून ते अन्यत्र आढळते काय, हेही पाहावे. शक्य तो स्वतः जाऊन पिल्लू आणावे. पिल्लू न पाहता आगाऊ पैसे मुळीच पाठवू नयेत. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. आणि हे सर्व करण्यापूर्वी, आपल्याच आळीत एखादी गावठी कुत्री व्याली आहे काय, ह्याची एकदा चौकशी करावी.

विद्यार्थिमित्रहो, मोबाईलवरील पिल्लू पाहून ‘हेच हवे’ असा हट्ट धरणे सोपे आहे. परंतु ज्या दिवशी तुम्ही वडिलांस ‘हे पिल्लू घ्या’ असे म्हणण्यापूर्वी विकणाऱ्यास ‘ह्याची आई दाखवा’ असे म्हणाल, त्या दिवशी तुम्ही चित्र पाहावयास नव्हे, चित्र वाचावयास शिकलात असे समजावे.

अभ्यास

१. घरातील एखादी वस्तू प्रथम २० सेंटिमीटरवरून व नंतर २ मीटरवरून मोबाईलने टिपा. दोन्ही चित्रांत तिच्या पुढील व मागील भागांचे प्रमाण मोजून लिहा.

२. एका जाहिरातीत ‘४५ दिवसांचे पिल्लू, सर्व लशी पूर्ण’ असे लिहिले आहे. त्यातील दोन दोष कारणांसह सांगा.

३. दमट हवेत चपट्या नाकाच्या कुत्र्यास अधिक त्रास का होतो?

४. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या कुत्र्यासाठी एक प्रामाणिक जाहिरात तयार करा. तीत कोणती चित्रे घालाल व का, ते लिहा.